पानशेतच्या वर्षाची शेवटची रात्र

मोबाइल घरीच ठेवा. आपण निघालोय तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वेटर मात्र घ्या, मफलर घ्या आणि कानटोपी असेल तर लाज न बाळगता घाला; पुण्याचा डिसेंबर तेव्हा हाडात शिरायचा. खिशात थोडी चिल्लर हवी. नये पैसे येऊन चार वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी अजून आणेच आहेत. कुणी चार आणे मागितले तर पंचवीस नये पैसे काढून द्या आणि हिशेबात पडू नका.

आता स्वारगेटच्या चौकात उभे राहा. पायाखालची मेट्रो पुसून टाका. डोक्यावरचा उड्डाणपूल पुसा. जाहिरातींचे फलक, सिग्नलचे लाल आकडे, सगळं पुसा. डोळे मिटा, आणि पाठीमागून कुणी ‘ओऽ, बाजूला व्हा!’ असं ओरडलं की उघडा.

टांगा होता. घोड्याचा गरम श्वास तुमच्या मानेला लागून गेला. पुढच्याच क्षणी सायकलींची एक रांग घंट्या वाजवत दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि तुम्ही मध्ये अंग चोरून उभे. आज रविवार, ३१ डिसेंबर १९६१. दुपारचे चार वाजलेत.

आधी वास येतो: लीद, डिझेल, भाजक्या शेंगा आणि पेरू. फाट्यावर बायका टोपल्या मांडून बसल्यात. पेरू, बोरं, उसाच्या कांड्या. एस.टी. स्टँडवर साताऱ्याच्या गाडीचा कंडक्टर गाडीच्या दारात उभा राहून गावांची नावं सुरात म्हणतोय आणि माणसं खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतायत. टपावर हमालाने चढवलेली पोती, वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका. एका म्हातारीच्या पिशवीतून कोंबडीची मान बाहेर आलीय आणि ती कोंबडी सगळ्या प्रवाशांकडे एकेक करून बघतेय. इंजिन सुरू झालं की अख्खी गाडी थरथरते, खिडक्यांच्या काचा खडखडतात, धुराचा एक काळा लोट तुमच्या तोंडावर येतो. खोका, डोळे पुसा, पुढे चला.

चहाच्या टपरीवर क्षणभर थांबा आणि कान द्या. या वर्षी पुण्यात दोन माणसं भेटली की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे कुठवर होतं?’ काय कुठवर, हे कुणी सांगत नाही. सांगावं लागत नाही. कुणी हात कमरेला लावतो, कुणी डोक्याच्या वर नेतो, कुणी नुसती मान हलवतो. १२ जुलैच्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासलाही फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. स्वारगेट नदीपासून दूर आणि उंचावर. इथे पूर आला नाही. इथे पुरातली माणसं आली.

तुम्हाला ज्या घरी जायचंय ते घोरपडे पेठेत आहे, चालत पाच-सात मिनिटांवर. घराचं नाव विचारू नका. पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांतून एकेक गोष्ट उचलून मी हे घर तुमच्यासाठी लावलंय. माणसं मनातली आहेत, पण त्यांच्या अंगावरून गेलेलं वर्ष खरं आहे. चाळीच्या तोंडाशी आलात की वर बघा. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची चांदणी टांगलीय. एक टोक फाटलंय, तिथे वहीच्या पानाचं ठिगळ आहे. नाताळ होऊन आठवडा होत आला, पण नव्या वर्षापर्यंत ती उतरवायची नसते.

लाकडी जिना चढा. तिसरी पायरी सैल आहे, सांभाळून. दारात पांढऱ्या लुगड्यातली, सत्तरीची, काठीसारखी सरळ आजी उभी आहे.

“सलाम. नगरचे पाहुणे ना? या. पायांवर पाणी घ्या, पण तांब्याभरच हं.”

तांब्याभरच. हे विसरू नका, कारण आज या घरात सोनं उघड्यावर राहील, पाण्याची घागर झाकलेली असेल. जुलैत खडकवासल्याचा साठा वाहून गेला आणि शहराचे नळ कोरडे पडले. मग पुण्याला आपल्या विहिरी आठवल्या, पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळानं पाणी आणून बांधलेले हौद आठवले. ज्या हौदांकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांच्यापाशी पहाटे तीनला घागरी-बादल्यांची रांग लागू लागली. या घरातल्या मास्तरांनी, म्हणजे आजीच्या मुलानं, आयुष्यात कधी खांद्यावर घागर घेतली नव्हती. आता त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा आहे. तुम्ही मोरीत वाकून पायांवर पाणी घेता तेव्हा आपोआप तुमचा हात आखडतो. खाली पडणारं पाणी बादलीत धरलंय. ते उद्या फरशीला जाईल.

आत या. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, भिंतीला पेटी आणि तिच्यावर कापडात गुंडाळलेली झांज. कोपऱ्यात गव्हाण मांडलीय: वाळलेलं गवत, मातीची गुरं, मातीचे मेंढपाळ, मातीचं बाळ. जवळ जाऊन बघा. मेंढपाळांच्या डोक्याला पागोटी आहेत आणि गाय अस्सल आपल्याकडची, वशिंड असलेली. ती कुणी घडवली, हे तुम्हाला थोड्या वेळानं कळेल.

स्वयंपाकघरातून ऊब येतेय. शेगडीवर मटणाचं पातेलं चढलंय, खोबरं भाजल्याचा, लवंग-दालचिनीचा आणि कोळशाचा मिळून एक वास डोळ्यांत शिरतो. मुलांची आई पदर खोचून वाटण वाटतेय. ती इस्पितळात नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी आली, दोन तास झोपली आणि पाट्याशी बसली. फळीवर पत्र्याचे डबे ओळीनं ठेवलेत: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. शेवटच्या डब्यात नानकटाई. घरी मळलेलं पीठ घेऊन बेकरीत जायचं, पत्र्याच्या ताटावर आपल्या हातानं गोळे लावायचे, भट्टीतून ताट बाहेर येईपर्यंत तिथेच उभं राहायचं आणि आपलं ताट दुसऱ्याच्या ताटात मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचं, हा या घरातल्या मुलांचा नाताळातला सगळ्यांत आवडता दिवस. एक घ्या. जिभेवर ठेवा. चावायची गरज पडत नाही. तूप, साखर, वेलची आणि भट्टीचा किंचित धूर.

“पाहुण्यांना आणखी दे गं,” आजी बाहेरून म्हणते. तुम्ही नको म्हणता. कुणी ऐकत नाही.

दिवेलागणीला सतरंजी पसरली जाते. आता घरची प्रार्थना. रात्री देवळात वर्षअखेरची उपासना आहेच, पण त्याआधी या घरात एक जुना रिवाज आहे. सगळे गोल बसतात, तुम्हीही भिंतीला पाठ लावून बसा. मास्तर पेटी उघडतात, नऊ वर्षांचा धाकटा झांज घेतो. गाणं नारायण वामन टिळकांचं. आजीला विलायती चालींपेक्षा अशी, अभंगाच्या वळणाची भजनं आवडतात. त्यात टाळीला जागा असते. दोन कडव्यांनंतर शेजारच्या खोलीतली मुलं दारात येऊन उभी राहतात. तिसऱ्या कडव्याला ती आत येऊन बसलेली असतात.

मग आजी मांडीवर एक जाडजूड बायबल घेते. त्याच्याकडे नीट बघा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं हे मराठी भाषांतर. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींनी आणि बायकांनीच त्याचे खिळे जुळवले, त्यांनीच छापलं, त्यांनीच बांधलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. या आजीनं त्यातली पानंच्या पानं जुळवलीत. आजही वर्तमानपत्र तिच्यासमोर उलटं धरा, ती सुलट्यासारखं वाचून दाखवते. मुलांना ही जादू अजून पुरती कळलेली नाही. ती एकशे तिसरं स्तोत्र काढते. चष्मा लावते, पण बघत नाही. पाठ आहे.

वाचन झालं की ती पुस्तक मिटते.

“आता मोजायचं. आधी काय गेलं ते. मग कुणाचे उपकार झाले ते. नाव घेऊन.”

नाव घेऊन, हा आजीचा कायदा. ‘देवाचे उपकार’ एवढं म्हणून इथे कुणाची सुटका होत नाही. देवाचे उपकार कुणाच्या तरी हातून येतात, तो हात कुणाचा ते सांग, असं ती म्हणते.

सुरुवात धाकट्यापासून. त्याचा मित्र गेला. गेला म्हणजे शनिवार पेठेतलं घर पडलं आणि मित्राचे आईवडील त्याला घेऊन गावी गेले. वर्गातला बाक तसाच रिकामा आहे. उपकार? मित्राच्या मोठ्या भावाचे. जाण्याआधी त्यानं याला सायकल शिकवली, मधल्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत. धाकटा हे सांगताना गुडघ्यावरची खपली दाखवतो. कुणी हसत नाही. आजी ते नाव मोठ्यानं पुन्हा उच्चारते.

थोरली पंधराची आहे. मार्चमध्ये एस.एस.सी. तिला बोलायचं नाहीये, हे तिच्या बोटांवरून कळतं. शेवटी म्हणते, “माझा कोपरा गेला.” खिडकीजवळचा तिचा अभ्यासाचा कोपरा. पुरानंतर दोन महिने या दोन खोल्यांत दहा माणसं होती. कसबा पेठेच्या कुंभारवाड्यातलं एक कुटुंब, पाच जणांचं, आणि चार दिवस आणखी एक बाई, जिचं कुणीच उरलं नव्हतं. “मला फार राग यायचा,” थोरली म्हणते. “रोज रात्री मी देवाला सांगायचे, यांना लवकर जाऊ दे.” खोलीत कुणी हलत नाही. “आणि उपकार कुंभारीणमावशीचे. ती मला पहाटे चारला उठवायची, चहा द्यायची आणि मी वाचायला बसले की माझ्यासमोर बसून राहायची. तिला वाचता येत नाही, पण मी झोपू नये म्हणून जागी राहायची.”

आई काय गेलं ते सांगत नाही. इस्पितळात त्या आठवड्यात तिनं काय पाहिलं, हे तिनं घरात कधीच सांगितलेलं नाही. आजीही विचारत नाही. ती थांबते, तुम्हीही थांबा. बराच वेळ गेल्यावर आई एका सफाई कामगाराचं नाव घेते. त्याचं स्वतःचं घर गेलं होतं, तरी तीन रात्री तो वॉर्ड सोडून हलला नाही. “मी बसायचे, तो बसायचा नाही,” एवढंच ती म्हणते आणि पदराच्या टोकाशी खेळत राहते.

आता मास्तर. हे देवळात शास्त्रपाठ वाचतात, मंडळीत त्यांचा मान आहे. ते खाली बघून म्हणतात, “माझी प्रार्थना गेली. जुलैपासून डोळे मिटले की शब्द येत नाहीत. तुम्हा सगळ्यांसमोर म्हणतो तेवढी येते. एकट्यानं येत नाही.”

तुम्हाला वाटतं, आता आजी रागावणार. धाकट्यालाही तेच वाटतं. तो आईच्या जवळ सरकतो. आजी फक्त विचारते, “आज पहाटे पाणी भरायला गेला होतास?”

“गेलो होतो.”

“खालच्या म्हातारीचं भरलंस?”

“भरलं.”

“मग येतील शब्द. घाई करू नकोस. उपकार कुणाचे?”

मास्तर रांगेतल्या एका माणसाचं नाव सांगतात. पहिल्या दिवशी घागर खांद्यावर कशी घ्यायची, चुंबळ कशी वळायची, हे त्यानं दाखवलं होतं.

खाटेवर नात्यातले एक काका बसलेत, मुंबईहून आलेले. मोठ्या मनाचे, मोठ्या आवाजाचे. ते हात जोडून म्हणतात, “देवाची केवढी कृपा बघा! अख्खं पुणं बुडालं आणि आपलं घर वाचलं.”

“असं म्हणू नका,” आजी म्हणते. आवाज चढवत नाही, पण शेगडीवरच्या पातेल्याचा रटरटाट अचानक ऐकू यायला लागतो. “आपलं घर उंचावर आहे म्हणून वाचलं. उंचवटा हा काही आपला गुण नव्हे.”

आणि मग ती ते सांगते, जे घरातल्यांनी ऐकलंय आणि तुम्ही ऐकलेलं नाही. ती सहा वर्षांची होती, मध्य प्रांतात, १८९७ च्या दुष्काळात. आधी बैल गेले, मग बाप, मग आई. दोघी बहिणी रस्त्याला लागल्या. ही धाकटी, ती थोरली. जे काही मिळायचं ते थोरली हिच्या तोंडात घालायची. रमाबाई दुष्काळातल्या पोरी गोळा करत तिकडे आल्या तेव्हा एकच बहीण उरली होती. पुण्यात आणलं तर इथे प्लेग. म्हणून पोरींना केडगावच्या माळावर नेलं. तिथे विहिरी खणल्या, शेत लावलं, शाळा काढली, छापखाना घातला.

“मी वाचले, ती गेली,” आजी म्हणते. “देवानं मला वाचवलं असं म्हटलं, तर तिला काय केलं म्हणायचं? माझ्यापेक्षा ती चांगली होती. घास तिनं दिला होता. साठ वर्षं मी याचं उत्तर शोधतेय, मिळालेलं नाही. म्हणून वाचल्याबद्दल मी आभार मानत नाही. वाचल्यावर ज्यांनी हात धरला, त्यांच्याबद्दल मानते. ती गोष्ट मला नक्की माहीत आहे.”

काका काही बोलत नाहीत. थोड्या वेळानं ते शांतपणे एका सहकाऱ्याचं नाव घेतात. आजी मान हलवते.

इतक्यात जिना वाजतो. सैल पायरीचा ‘कटक’ आवाज आला की घरच्यांना कळतं, कोण कुठल्या पावलानं येतंय. कुंभारीणमावशी आणि तिचा नवरा, पाठोपाठ तीन मुलं. ही माणसं आता पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या वस्तीत एका खोलीत राहतात. मावशीच्या डोक्यावर नवा माठ आहे, आत गवत भरलेलं. तो उतरवून ती गव्हाणीकडे बघते आणि गायीचं शिंग जरा सरळ करते. आता कळलं ना, वशिंडाची गाय कुणाच्या हातची?

“बसा,” आजी म्हणते. “तुमचीपण पाळी आहे.”

“आम्ही काय तुमच्यातलं म्हणणार?”

“तुमच्या देवाला सांगा. आम्ही ऐकतो.”

मावशी बसते. चाक गेलं, भट्टी गेली. गणपतीचं काम निम्म्यावर आलं होतं, चारशे मूर्ती, सगळ्यांचा चिखल झाला. ती हे रडत सांगत नाही, मोजत सांगते. आणि उपकार या चाळीच्या अंगणाचे. पाऊस थांबला तशी इथेच माती कालवली, याच अंगणात मूर्ती घडवल्या, शंभरेक तरी झाल्या. आजी रोज दुपारी खाली येऊन बसायची आणि वाळत घातलेल्या गणपतींवर कावळा बसू नये म्हणून काठी हलवायची. “शेजारपाजारचे म्हणाले, अहो, ख्रिस्ती बाई गणपती राखते. मी म्हटलं, राखते तर. त्यावर आमची चूल आहे.”

आता सगळे तुमच्याकडे बघतात.

होय, तुमच्याकडे. तुम्हाला वाटलं होतं, आपण नुसते बघायला आलोय. पण या सतरंजीवर बसलेल्याची पाळी चुकत नाही. सांगा. या वर्षी काय गेलं? पटकन सुचतं ते नको, त्याच्या खालचं सांगा. घर बदललं असेल, माणूस गेला असेल, एखादी मैत्री बोलता बोलता आटली असेल, देवावरचा किंवा माणसांवरचा भरवसा पातळ झाला असेल. इथे मास्तरांनी सांगितलंय, तेव्हा तुम्हालाही सांगायला हरकत नाही. आणि मग ते नाव घ्या. कुणाचा हात होता? आजी थांबलीय. तिला घाई नाही.

घेतलंत नाव? ती ते मोठ्यानं पुन्हा उच्चारते. या खोलीत, या माणसांच्या तोंडून ते नाव ऐकताना गळा दाटून आला तर येऊ द्या.

मग ताटं मांडली जातात. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा, भात. मावशीचं कुटुंब आज मटण खात नाही, त्यांच्यासाठी आईनं पिठलं वेगळ्या भांड्यात आधीच करून ठेवलंय. भाकरी मोडा, रश्श्यात बुडवा. नाकातून पाणी येतं, कान गरम होतात आणि थंडी कुठल्या कुठे पळते.

साडेदहाला निघायचं. शाली, मफलर, धाकट्याच्या डोक्याला कानटोपी. गल्लीतून बाहेर आलात की थंडी गालावर बसते. कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या, कुणी टायरचा तुकडा टाकलाय, त्याचा उग्र वास. घोरपडे पेठेतून गुरुवार पेठेत शिरता शिरता अंधारातून आणखी माणसं येऊन मिळतात, एकमेकांना सलाम करतात, बायका चालता चालता एकमेकींच्या साड्यांना हात लावून बघतात. समोर पंचहौद. पाच हौदांवरून पडलेलं नाव. या वर्षी ते नाव उच्चारताना प्रत्येकाला पाणीच आठवतं. १८८५ मध्ये उभं राहिलेलं पवित्र नाम देवालय, आणि त्याच्या शेजारी सुटा उभा असलेला उंच घंटामनोरा. इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटा त्यात टांगल्यात. इथल्या पंचहौद मिशनमधल्या सिस्टरांच्या ओळखीनं पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या होत्या. त्यामुळे आजी या आवारात शिरते ती माहेरी आल्याच्या चालीनं.

आत मेणाचा, धुपाचा, दमट दगडाचा आणि कापडात ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा वास. माणसं खांद्याला खांदा लावून बसलीत. कुठे तान्हं रडतंय, कुठे म्हातारा खोकतोय. फादर या वर्षी गेलेल्यांची नावं वाचतात. यादी लांब आहे. काही नावं मंडळीतली नाहीत. शेजाऱ्यांची आहेत, वेगवेगळ्या पेठांतली, वेगवेगळ्या धर्मांची. ती त्याच आवाजात, त्याच गतीनं वाचली जातात. मग सगळे गुडघ्यांवर येतात. थंड फरशी गुडघ्यांना लागते. बाराला पाच मिनिटं असताना कुणीच बोलत नाही. जुन्या वर्षाची शेवटची पाच मिनिटं इथे अशी, डोकं टेकवून घालवतात.

शेजारी मास्तर आहेत. त्यांचे ओठ हलत नाहीत. डोळे मात्र मिटलेत.

आणि घंटा! पहिला ठोका छातीत जाणवतो, कानाला नंतर कळतो. एकामागून एक आठही घंटा बोलू लागतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, बाहेरची कुत्री भुंकायला लागतात, तान्हं गप्प होतं. सगळे एकदम उठतात. ज्याला त्याला मिठी, ज्याला त्याला हात. “नवं वर्ष सुखाचं जावो!” तुम्हाला ओळखत नसलेली एक म्हातारी तुमचं तोंड दोन्ही हातांत धरून आशीर्वाद देते. तिच्या हाताला लसणाचा वास आहे आणि हात फार ऊबदार आहेत.

बाहेर मोठ्या पातेल्यात चहा उकळतोय. आल्याचा, गुळमट, दाट. कपबशी हातात घेताना एक गोष्ट आठवा: याच मिशनमध्ये १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर काही मंडळींसमोर चहा ठेवला गेला आणि त्यावरून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण झालं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आज कुंभारीणमावशी इथे उभी आहे, बशीत ओतून फुरका मारतेय, आणि तिच्या नवऱ्यानं दुसरा कप मागितलाय. एका शहराला एवढं अंतर चालायला सत्तर वर्षं लागली. चाललं मात्र.

रात्री दोनला घरी पोचता. झोपायचं? छे. आई डबे खाली काढते आणि ताटल्या मांडायला लागते. एकेका ताटलीत दोन करंज्या, चकली, लाडू, तीन नानकटाया. वर विणलेला रुमाल. उद्या सोमवार, १ जानेवारी. संध्याकाळी ज्यानं ज्याचं नाव घेतलं, त्यानं सकाळी त्याच्या घरी ही ताटली घेऊन जायचं आणि तोंडानं सांगायचं की तुझे माझ्यावर उपकार आहेत. आजीच्या मोजणीचा हा दुसरा भाग. देवासमोर नाव घेणं सोपं असतं. त्या माणसासमोर उभं राहून सांगायला पाय जड होतात, म्हणून हातात ताटली. धाकटा मित्राच्या भावासाठी एस.टी.नं जाणारं पुडकं बांधतोय. आई आपल्या ताटलीत एक करंजी जास्त ठेवते. थोरलीला कुठे जायची गरज नाही, मावशी खालीच चाळीच्या ओट्यावर झोपलीय, पण ती म्हणते, “मी सकाळी चारला उठून तिला चहा देईन.”

एक ताटली उरलीय. आजी ती तुमच्यासमोर सरकवते.

तुम्ही घेतलेलं नाव तिच्या लक्षात आहे. ते माणूस तुमच्या काळात कुठे राहतं, हे तिला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. कदाचित त्याच शहरात, कदाचित दोन बस बदलून. कदाचित तुमचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झालेत. आपल्या हातून कधी असं काही झालं होतं, हे त्या माणसाला कदाचित माहीतही नाही. करंज्या घरच्या नसल्या तरी चालतील. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल. पण जा, आणि दारात उभं राहून सांगा.